राबणाऱ्याचा मालक कोण, हे सरकारनं कायद्यात लिहावं

घाटमाथा

दिवसभर राबणारा माणूस गरीब का राहतो यावर बोलायला लागलं की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. कुणी म्हणतं शिक्षण नाही, कौशल्य नाही. कुणी म्हणतं दारू, लग्नातला खर्च, कर्ज. पण या माणसाला मजुरी देण्याची, म्हातारपणी सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी नक्की कुणावर आहे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मला वाटतं गरिबीचं मूळ तिथंच आहे. आणि हे काम सरकारशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

आमच्या घरातलं उदाहरण देतो. माझे आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला गेले आणि किराणा बाजारात हमाली केली. वडिलांनीही तेच केलं. पोतं तेच, पाठ तीच, पण दोघांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचा फरक. आजोबांच्या वेळी मुकादम सांगेल त्यानं ट्रकला लागायचं आणि मुकादम देईल ती मजुरी घ्यायची. व्यापाऱ्याकडे गेलं तर तो म्हणायचा, तुम्ही माझे नोकर नाही. तो खोटंही बोलत नव्हता, कारण एका दिवसात हमाल पाच गाळ्यांचा माल उचलायचा. कंबर गेली तसे आजोबा गावी आले आणि मरेपर्यंत मुलांच्या हाताकडे बघत राहिले. वडिलांना मात्र फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, दिवाळीला बोनस मिळायचा. आईचं ऑपरेशन माथाडींच्या दवाखान्यात झालं. कोपरखैरण्यातलं घर त्या फंडावर आणि पतपेढीच्या कर्जावर उभं राहिलं.

मधल्या काळात हमालांचं शिक्षण वाढलं नव्हतं. मधे आला होता १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमाल लढले म्हणून तो झाला. या कायद्यानं काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. पाच गाळ्यांचं काम करणाऱ्या माणसाचा एकच मालक शोधण्याच्या फंदात तो पडला नाही. कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ नेमलं. माल ज्याचा, त्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, तीही भरायची. मंडळ मजुरी कामगाराला देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी भागवणार. पाच व्यापाऱ्यांकडचे तुकडे एका खात्यावर जमा होऊ लागले आणि त्याची नोकरी झाली. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्यानं असाच कायदा केला. म्हणजे हे जमतं, एकदा नाही दोनदा जमलं आहे.

आता ऊसतोडीकडे या. बँकेच्या नोकरीमुळं मी काही वर्षं बीड जिल्ह्यात होतो, म्हणून हा विषय जवळून पाहिला. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदाराचा मुकादमाशी. मुकादमाचा जोडप्याशी, तोही बहुतेक वेळा तोंडी, नाहीतर कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेऊन. पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि ती फेडायला दसरा-दिवाळीनंतर तोडणाऱ्यांची टोळी निघते. कारखान्याला विचारा, तो म्हणतो ही माणसं वाहतूकदाराची. वाहतूकदार म्हणतो मुकादमाची. मुकादम म्हणतो मीही मजूरच. ऊस कापल्याशिवाय ज्या कारखान्याचा बॉयलर पेटत नाही, त्याच्या दप्तरात ऊस कापणाऱ्याचं नाव नसतं.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, अशी त्याच्या निधीची योजना. हिशेब करून बघा. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात १० कोटी टनांवर ऊस गाळला गेला. म्हणजे कारखान्यांचे १०० कोटींच्या आसपास. ऊसतोड कामगारांची संख्या १० लाख धरली, तर माणशी वर्षाला हजार रुपये. सरकारची भर धरून दोन हजार. यात वसतिगृहं, विमा, दवाखाना, कचेरी, सगळं बसवायचं.

याउलट तोडणीच्या मजुरीवर माथाडीसारखी लेव्ही लावली तर? जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाचा दर २७३ वरून साधारण ३६६ झाला. त्यावर ३० टक्के धरले तर टनाला ११० रुपये. आजच्या दहाच्या अकरापट. एका टन उसापासून शंभर-एकशेदहा किलो साखर निघते, म्हणजे साखरेच्या किलोमागं रुपयाभर. एवढ्यावर राज्यातल्या लाखो माणसांना फंड आणि औषधपाणी मिळू शकतं. हे मदत म्हणून द्यायचं नाही, कामाच्या बिलात धरायचं आहे.

माझं म्हणणं एवढंच की कल्याणाच्या योजना वाढवत बसण्यापेक्षा सरकारनं ऊसतोडीसाठी माथाडीसारखं मंडळ करावं, मजुरी आणि लेव्ही कारखान्याकडून मंडळात जमा करून घ्यावी आणि मंडळानं ती कामगाराच्या खात्यावर टाकावी. ज्यांना या धंद्याची माहिती आहे त्यांनी लिहावं. विरोधात असलात तरी लिहा.

सोलापुरी_ऊस

मी ऊस लावतो, म्हणून विरोधातलं लिहितो. कारखाना तोडणी-वाहतूक स्वतःच्या खिशातून देतो असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. तो खर्च आमच्या एफआरपीतून, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, कापला जातो. २०२४-२५ ला एफआरपी टनाला ३४०० होती (उसातून १०.२५ टक्के साखर निघाली तर), हातात येताना त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन येते. उद्या तुमचे ११० आले की तेही आमच्याच बिलातून जाणार. वर फडात टोळी आली की खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावे लागतात ते वेगळेच. नाही दिली तर ऊस वाळत बसतो, तोड पुढं जाते.

कष्टकऱ्याला मिळावं याला माझी ना नाही. माझ्या शेतात येणारी माणसं कशी राहतात ते मी बघतो. थंडीत प्लास्टिकच्या कागदाखाली बारकी पोरं झोपलेली असतात. पण त्याचा भार दोन एकरवाल्यावर टाकू नका.

घाटमाथा

सोलापुरी_ऊस, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून कायद्यातच लिहावं लागेल की ही लेव्ही शेतकऱ्याच्या बिलातून कापता येणार नाही. माथाडी मंडळात लेव्ही मालाची उलाढाल करणाऱ्यानं भरायची, हमालाच्या मजुरीतून ती कापायची नाही. इथंही तसंच हवं.

आणि खुशालीचं म्हणाल तर ती मजुरी पुरत नाही म्हणून मागितली जाते. मजुरी पुरेशी आणि खात्यावर आली तर खुशाली घेणाऱ्यावर कारवाई करायला आपल्याला तोंड राहील. आज नाही.

हिशेबवही

मी अकाउंट्समध्ये आहे, साखर उद्योगाचे ताळेबंद पाहिले आहेत. कारखान्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. केंद्रानं साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला. त्यानंतर कित्येक वर्षं तो तिथंच राहिला. तेव्हा एफआरपी टनाला २७५० होती, ती २०२४-२५ ला ३४०० झाली. इथेनॉलचं धोरण मधेच बदलतं. बरेच सहकारी कारखाने कर्जात आहेत. त्यांच्यावर ११० रुपये टाकले तर काही बंद पडतील.

पण घाटमाथांचा मूळ मुद्दा मला पटतो, फक्त रस्ता दोन टप्प्यांचा आहे. केंद्रानं किमान विक्री दर ठरवताना तोडणी कामगाराची सामाजिक सुरक्षा हा खर्चाचा भाग धरावा, आणि राज्यानं ती रक्कम मंडळात बंधनकारक करावी. किलोमागं रुपया म्हणजे महिन्याला पाच किलो साखर घेणाऱ्या घराला पाच रुपये. तेही चहा-शीतपेयं-मिठाईवाल्या मोठ्या ग्राहकांवर जास्त जाईल, कारण साखरेचा मोठा खप उद्योगांकडेच आहे.

बांधकामाचं उदाहरण इथं उपयोगी पडेल. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागला. पैसा जमला आणि बराच जमला. अडलं कुठं, तर कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो. नाक्यावर उभा राहणारा माणूस रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जातो. तो दाखला कुणाकडून आणणार? मग एजंट आला, त्याचे पैसे आले. खरा कामगार बाहेर राहिला आणि भांड्यांचा संच भलत्याच्याच घरात गेला, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. म्हणजे नुसता पैसा गोळा करून भागत नाही. माथाडीत प्रत्येक दिवसाच्या मजुरीची नोंद मंडळातच होते, त्यामुळं दाखला मागायची वेळच येत नाही. ऊसतोडीचं मंडळ केलं तर ते या दुसऱ्या पद्धतीचं हवं.

कोयता

घरचे तोडीला जातात. मी बारावीपर्यंत शिकलो, आता पुण्यात डिलिव्हरी करतो. दोन हंगाम मीही ऊस तोडलाय.

इथं सगळे टनाचं बोलतायत म्हणून दिवसाचं सांगतो. पहाटे तीन-चारला उठायचं. बाई त्याच्याही आधी, कारण भाकरी करायच्या आणि पाणी भरायचं. फडात गेलं की बाप्या तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते. मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ती फळी दवानं ओली असते. माझी आत्या त्या फळीवरून पडली, मणक्याला लागलं. मुकादमानं दवाखान्याचा खर्च दिला, पण तो उचलीत मांडला. म्हणजे कामावर पडली आणि कर्ज तिच्याच नावावर चढलं.

दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन होतो. रस्ता खराब असला, ऊस पडलेला असला तर कमी. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. ३६६ नं दोन टनाचे ७३२. दोघांत वाटले तर माणशी ३६६, आणि काम बारा-चौदा तासांचं. एक दिवस ताप आला तर खाडा, त्याचे पैसे वेगळे कापतात.

सगळ्यात वाईट वही. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही. किती खेपा झाल्या, वजन किती, किती वजा झालं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तो सांगतो अजून इतके फिटायचे राहिलेत. मग पुढच्या वर्षी पण त्याच्याकडंच जायचं.

तळटीप

वकील म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो.

कोयता यांनी जे लिहिलंय, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली म्हणून त्याच माणसाकडं काम करत राहण्याची सक्ती, ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसू शकतं. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरी. पोटासाठी माणूस कबूल झाला म्हणून ती सक्ती संपत नाही. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबतही न्यायालयानं हेच धरलं, आणि तिथं कमी मजुरी देणारं सरकार स्वतः होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने २९ केंद्रीय कायदे त्यात गेले. स्थलांतरितांच्या तरतुदी आहेत, पण त्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धारूरचं जोडपं कर्नाटकात बेळगावकडे गेलं तर ते ‘आंतरराज्य स्थलांतरित’, आणि कोल्हापूरला गेलं तर नाही. काम तेच, अंतरही जवळपास तेवढंच. ही फट राज्यानंच स्वतःचा कायदा करून बुजवायला हवी.

किमान वेतन कसं काढायचं हेही आपल्याकडे १९५७ सालीच ठरलं आहे. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं निकष घातले: कमावणाऱ्यामागं तीन माणसांइतका खाण्याचा खर्च, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाचं ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधं, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. आणि केंद्राची देशपातळीवरची किमान पातळी २०१७ पासून कितीतरी वर्षं दिवसाला १७६ रुपयांवर थांबून राहिली. १९५७ चे निकष घेऊन बाजारात जा आणि १७६ मध्ये काय बसतं ते बघा.

रानजाई

मी आरोग्य खात्यात गावपातळीवर काम करते. पगार नाही, मानधन. त्यामुळं हा विषय माझाही आहे, पण आज तोडीला जाणाऱ्या बायकांबद्दलच लिहिते.

२०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यात तोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यावर तेव्हा खूप ओरड झाली, डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं आणि ते ठेवायलाच हवं होतं. पण बाई ऑपरेशनला तयार का होते? पाळीत खाडा पडू नये म्हणून. फडात संडास नाही, पाणी नाही, अंग धुवायला आडोसा नाही, जंतुसंसर्ग होतोच. डॉक्टर म्हणतो पिशवी काढली की कटकट संपेल, आणि तिला पुढचा हंगाम दिसत असतो. ऑपरेशनचे पैसे परत उचलीतूनच. काही जणी तिशीही न ओलांडलेल्या. पुढं हाडं दुखतात, अंग गळून जातं, आणि त्या तशाच मोळी उचलतात.

हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणी शिबिरं आता होतात. चांगली गोष्ट आहे. पण मधल्या पाच-सहा महिन्यांत ती बाई कुठल्या तरी कारखान्याच्या मागं माळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, असते. तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत ती नसते. गरोदर असली तर तिचं कार्ड गावाकडं. तिला आजारी पडायची सुट्टी पगारी मिळाली तर यातलं बरंच थांबेल. माझ्या मते हा मजुरीचा प्रश्न आहे, त्याला नुसता आरोग्याचा प्रश्न करू नका.

मास्तर_माजलगाव

रानजाई ताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या शाळेत दुसऱ्या टोकानं दिसतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पट निम्म्यावर येतो. हंगामी वसतिगृह चालवतो आम्ही, म्हणजे मुलं आजी-आजोबांकडे राहतात आणि त्यांना दोन वेळचं जेवण शाळेच्या व्यवस्थापन समितीकडून मिळतं. जी मुलं जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. कागदावर सगळं आहे. पण शाळा फडापासून लांब असते आणि टोळी दर काही दिवसांनी जागा बदलते. मोठ्या मुलीला आई नेतेच, कारण धाकट्याला कोण सांभाळणार.

तोडीत जोडप्याला एक कोयता म्हणतात; मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की तो ‘अर्ध्या कोयत्याचा’ होतो. एकदा हातात कोयता आला की शाळेत परत आणणं फार अवघड. मी घरोघर फिरतो. आई-बाप हात जोडून म्हणतात, मास्तर, उचल फिटत नाही. त्यावर माझ्याकडे काय उत्तर आहे? शासनानं संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहं सुरू केली, ती वाढावीत. तरी उचलीचं गणित सुटल्याशिवाय मुलं थांबणार नाहीत हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

गाळा_क्रमांक

वाचत होतो, आता लिहितोच. माझा बाजार समितीत व्यवसाय आहे. माथाडी कायद्याचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही यावी. आमच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या उद्योजकांना माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी जेरीस आणलंय. काम न करता पैसे मागतात, ट्रक अडवतात. खरा हमाल कुणाला नको आहे असं नाही. पण कायद्याचा आडोसा घेऊन गुंडगिरी होते, आणि उद्या प्रत्येक धंद्यात मंडळ आलं तर तेच होईल.

घाटमाथा

गाळा_क्रमांक, हे खरं आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त तोटा माथाडीलाच झाला आहे. माझ्या वडिलांच्या टोळीतली माणसं याबद्दल फार संतापून बोलतात. पण ट्रक अडवून पैसे मागणं हा फौजदारी गुन्हा आहे, तो माथाडी कायद्यानं दिलेला हक्क नाही. मंडळात नोंद असलेली टोळी आणि नोंद नसलेले दादा, यातला फरक पोलिसांना यादी बघून पाच मिनिटांत कळतो. मंडळं वर्षानुवर्षं अपुऱ्या माणसांवर चालवली, त्रिपक्षीय नेमणुका रखडवल्या, म्हणून मोकळ्या जागेत हे लोक शिरले.

आणि तुम्हीच सांगा, नोंदलेल्या हमालाची लेव्ही भरता तेव्हा तुमचा धंदा बुडाला का? पन्नासहून जास्त वर्षं मुंबई-पुण्याचे बाजार ही लेव्ही भरून चालू आहेत.

गाळा_क्रमांक

नाही, बुडाला नाही. लेव्ही आम्ही खर्चात धरतो. अपघात झाला की हमालाचं मंडळ बघतं, माझ्या दारात कुणी येऊन बसत नाही, हा फायदाही आहे. माझी तक्रार अंमलबजावणीबद्दल आहे, ती मी सोडणार नाही.

भाडोत्री_ट्रॅक्टर

वाहतूकदाराचं कुणी लिहिलं नाही. आम्ही ट्रॅक्टर कर्जावर घेतो, कारखान्याच्या तोडणी-वाहतूक संस्थेमार्फत कर्ज काढून मुकादमाला लाखांनी उचल देतो. मुकादम पैसे घेऊन दुसऱ्याच कारखान्याला टोळी पाठवतो, फोन बंद. पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे. पश्चिम महाराष्ट्रात यात कितीतरी घरं बसलीत. माझ्या भावानं जमीन विकली.

मजुरी मंडळामार्फत गेली, टोळीची नोंद एकाच ठिकाणी झाली, तर एकाच टोळीवर तीन ठिकाणी उचल घेता येणार नाही. त्यासाठी तरी हे व्हावं. मला कुणाला उचल देण्याची हौस नाही.

हिशेबवही

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. उचलीचा धोका आज वाहतूकदार आणि मजूर दोघं घेतात, कारखाना बाजूला राहतो. मंडळानं पावसाळ्यात मजुराला कमी व्याजानं थेट कर्ज दिलं, फंडाच्या तारणावर, तर मुकादमाची गरज हिशेबापुरती उरते. माथाडींच्या पतपेढीनं हेच काम केलं. बँकांना हे कर्ज द्यायला सांगता येईल, कारण पुढची मजुरी मंडळाकडे येणार हे नक्की असेल.

सोलापुरी_ऊस

पण हार्वेस्टर? सरकार एका हातानं मशीनला अनुदान देतंय. तुम्ही मजूर महाग केलात की कारखाने मशीन आणतील. आमच्याकडं आताच दिसायला लागलीत.

घाटमाथा

मशीन येणारच, दर वाढला तरी आणि नाही वाढला तरी, कारण नवी पिढी तोडीला जायला तयार नाही. कोयता स्वतः पुण्यात डिलिव्हरी करतोय. प्रश्न आहे की मशीन आल्यावर चाळिशी-पन्नाशीतलं जोडपं जाणार कुठं. ज्यांचा फंड साठलेला असेल ते निदान शेळ्या घेतील, दुकान टाकतील. ज्यांच्या नावावर फक्त उचल आहे ते काय करणार?

शिवाय बीड-धाराशिवच्या माणसाला गावातच काम मिळायला हवं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्या राज्यानं रोजगार हमी उभी केली, १९७७ ला तिचा कायदा केला आणि शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून तिला पैसा दिला. देशाचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००५ ला आला. पगारदार माणूस दुष्काळातल्या मजुरासाठी कर भरायला तयार झाला होता, ते याच राज्यात. त्यामुळं साखरेच्या किलोमागं रुपया लोक देणार नाहीत असं मला वाटत नाही.

रानजाई

घरकामवाल्या बायकांचं पण विसरू नका. त्यांच्यासाठी २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे, पण ज्यांच्या घरी ती भांडी घासते त्यांनी दर महिन्याला काही भरावं असं बंधन नाही. त्यामुळं मंडळाकडे सरकार देईल तेवढंच. चार घरची कामं करणारी बाई आणि पाच गाळ्यांचा हमाल यात मला तरी फरक दिसत नाही. चारही घरांनी थोडं थोडं भरलं तर तिलाही म्हातारपणी काहीतरी राहील.

तळटीप

बरोबर. ॲपवर काम करणाऱ्यांबाबत सामाजिक सुरक्षा संहितेनं निदान कंपन्यांकडून वर्गणी घेण्याची तरतूद केली आहे, उलाढालीच्या एक ते दोन टक्के. राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. प्रत्येक ऑर्डरमागं काही रक्कम मंडळात, ही कल्पना माथाडी लेव्हीच्याच वळणाची आहे. ज्या महाराष्ट्रात ही लेव्ही जन्मली तिथं कोयता यांच्यासारख्या मुलांसाठी असा कायदा अजून नाही, याचं मला वाईट वाटतं.

कोयता

सगळ्यांचं वाचलं. कायदा होईल तेव्हा होईल, त्याआधी एक गोष्ट लगेच होऊ शकते. गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज जातो. तोच मेसेज तोडणाऱ्यांना पण पाठवावा. कारखान्याला फक्त नंबर नोंदवायचाय. साखर आयुक्तालयानं एक पत्रक काढलं तर पुढच्या हंगामापासून चालू होईल. मग मुकादमाची वही आणि आपला मोबाइल समोरासमोर धरता येईल.

घाटमाथा

हे अगदी नेमकं आहे. याचं निवेदन मी आजच लिहायला घेतो, आयुक्तालय आणि महामंडळ दोघांना. सोलापुरी_ऊस, तुमच्याकडच्या मेसेजमध्ये काय काय येतं ते मला कळवाल का? आणि तळटीप, भाषा तुम्ही तपासा.

सोलापुरी_ऊस

गाडी नंबर, स्लिप नंबर, तारीख, निव्वळ वजन, गट नंबर. टोळीचा कोड पण असतो. म्हणजे टोळी कोणती हे कारखान्याला माहीत असतंच. आजच्या मेसेजमधला नंबर झाकून नमुना पाठवतो.

कोयता

निवेदनात एक घाला. कोयता म्हणजे जोडपं, आणि सगळीकडे नाव नवऱ्याचं. आईनं आयुष्यभर ऊस तोडला पण तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही, मुकादमाच्या वहीत पण नाही. मेसेज दोघांच्या नंबरवर जावा आणि मजुरी निम्मी-निम्मी दोघांच्या खात्यावर. आईचं खातं आहे, आधारही जोडलेलं आहे.